वेष्टनावरचा माणूस

गादीच्या दुकानात ती पाठीवर आडवी झाली होती. पायांखाली जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरलेला होता, म्हणजे चपला काढायची गरज नव्हती. तरी तिने त्या काढून खाली जोडीने ठेवल्या होत्या, कारण चपला घालून अंथरुणावर पडणं तिला या जन्मात जमलं नसतं. गादी बदला असं डॉक्टर कधीचे सांगत होते. घरच्या दुहेरी गादीला नवऱ्याच्या बाजूला खळगा पडला होता, नवरा जाऊनही तो खळगा भरून आला नव्हता, आणि झोपेत ती तिकडे घरंगळायची नि सकाळी कंबर धरून उठायची. हे सगळं तिने विक्रेत्याला सांगितलं नव्हतं, नुसतं "एका माणसाची" एवढंच म्हणाली होती. "डोळे मिटा मॅडम," विक्रेता म्हणाला, "घरी आहात असं समजा. लोक काठावर बसून बघतात आणि घेऊन जातात, मग महिन्याभरात भांडायला येतात. गादी झोपून घ्यायची असते." तिने डोळे मिटले. पंखा कुरकुरत होता. नव्या फोमचा, थोडासा रॉकेलसारखा वास येत होता. बाहेर कुणीतरी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, त्याचा लांबलचक खरखराट तिच्या पाठीतून गेला. आपण भर दुपारी, भर बाजारात, परक्या माणसासमोर झोपलो आहोत याचं तिला हसू आलं. "कसं वाटतंय?" आवाज आला. तिने डोळे उघडले, आणि वर, ट्यूबलाइटच्या उजेडाच्या कडेला, हसऱ्या तिच्याकडे वाकून बघत होता.

हसऱ्या हे नाव कारखान्यातलं. ती आणि तिचा दादा मिळून चॉकलेटचा एक छोटा कारखाना चालवत, आणि त्या चॉकलेटच्या प्रत्येक वेष्टनावर कोकोच्या बागेतल्या एका शेतकऱ्याचा हसरा चेहरा होता, नुसत्या रेषांनी काढलेला. तो तिने काढला होता. त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून पॅकिंगच्या बायकांनी त्याला हसऱ्या म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणायला लागले. "आज हसऱ्याचं नाक पुसट आलंय." "हसऱ्या उलटा छापलाय बघा." दादाने काढलेल्या एका फोटोवरून तिने तो चेहरा उचलला होता. दादा पहिल्यांदा बागांच्या मुलखात गेला, शेतकऱ्यांच्या सोसायटीशी त्याने बोलणी केली, दलालाला वगळून थेट माल घेऊ, बाजारापेक्षा चढा भाव देऊ, आणि बाजार पडला तरी तो भाव खाली आणणार नाही असं ठरवलं, तेव्हाचा तो फोटो. दादा ती गोष्ट कुठेही सांगायचा, बँकेत, दुकानदारांच्या बैठकीत, नात्यातल्या बारशालासुद्धा. "मी त्याला भाव सांगितला, आणि तो असा हसला. ते हसू मी विकत नाही, वाटतो." शेवटचं वाक्य म्हणताना तो एक क्षण थांबायचा, आणि तो थांबणार हे तिला त्याच्या खांद्यांवरून आधीच कळायचं. फोटो खालून काढलेला होता. हनुवटी पुढे, नाकपुड्या मोठ्या, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचे पंखे, मागे उंच झाडांचे शेंडे. दादा म्हणायचा, माणसाला मोठं दाखवायचं तर कॅमेरा खाली न्यावा लागतो. चेहऱ्याखाली दादानेच लिहिलेल्या ओळी होत्या: हा आपली माती सोडून गेला नाही. तुम्ही याला सोडू नका.

खालून बघत असल्यामुळेच तिने त्याला ओळखलं असणार. उभ्याने, समोरासमोर, ती त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलली होती, काथ्याची की फोमची, चार इंची की सहा, आणि तिला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. आता मात्र एकेक रेष जागेवर आली. हा चेहरा तिने कागदावर किती वेळा काढला होता त्याला हिशेब नव्हता. नवऱ्याच्या दुखण्याच्या दिवसांत, हॉस्पिटलच्या खोलीत, खिडकीला पाठ करून ती मांडीवर फळी घेऊन बसायची आणि हसऱ्याचे डोळे काढायची. डोळे साधत नव्हते. सुरकुत्या जास्त झाल्या की तो रडल्यासारखा दिसायचा, कमी झाल्या की लबाड. नवरा कुशीवर वळून बघायचा. "हा माणूस आता माझ्यापेक्षा जास्त वेळ तुझ्यासमोर असतो," तो म्हणाला होता, आणि मग थोड्या वेळाने, "असू दे. बरा आहे. तोंडावरून तरी भांडखोर वाटत नाही." त्याच्या जाण्यानंतर ती कारखान्यात परत आली तेव्हा टेबलावर नव्या वेष्टनांचा गठ्ठा होता, आणि सगळ्यात वरच्या कागदावरून हसऱ्या तिच्याकडे बघत होता, जसा काही दुपारभर वाट बघून बसलेला. तिला तेव्हा रडू फुटलं होतं. लोकांनी त्याचा दुसराच अर्थ लावला होता आणि तिने तो लावू दिला होता.

"कडक वाटते का?" हसऱ्याने विचारलं. त्याच्या वरच्या ओळीत एक दात नव्हता. फोटोतही नव्हता. चित्रात तिने भरून घेतला होता.

"तुम्ही," ती कोपरावर उठत म्हणाली, "तुम्ही पूर्वी कोकोच्या बागेत होतात का?"

तो मोकळं हसला. "तुम्ही ते चॉकलेट खाता होय! ओळखतं कुणीतरी अधूनमधून. मागे एक शाळकरी मुलगी तर माझ्याकडे बघून आईला म्हणाली, हा काका कागदातून बाहेर आला." त्याने गादीवरच्या प्लास्टिकची सुरकुती हाताने सपाट केली. "मला विचाराल तर कडू आहे. पण मुलीला आवडतं. आमच्या फ्रिजवर चिकटवलाय तिने तो कागद."

बोलावं की बोलू नये हे ठरायच्या आतच तिने उठून चपला घातल्या होत्या. ज्या गादीवर ती पडली होती तीच तिने घेतली, जरा कडकच होती तरी. घरी जाताना तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी दुकानात विसरलो. पिशवी होती, छत्री होती, किल्ल्या होत्या.

कारखान्यात दुसऱ्या दिवशी भट्टीवर बिया भाजायला घातल्या होत्या. त्या वासाने जिन्यापासूनच घसा कोरडा पडतो. आधी तो आंबूस, व्हिनेगरसारखा असतो, मग भाकरी करपावी तसा, आणि मग कुठे चॉकलेटची ओळख पटते. दादा टेबलावर वाकून नव्या वेष्टनाचा नमुना बघत होता. शहरातल्या एका मोठ्या दुकान-साखळीने त्यांचं चॉकलेट ठेवायचं कबूल केलं होतं, त्यासाठी नवं वेष्टन छापायचं होतं, आणि त्यात हसऱ्याचा चेहरा वाढवत वाढवत पार कागदाच्या कडांपर्यंत आणलेला होता. हनुवटी वेष्टनाच्या मागच्या बाजूला जात होती. "छोटे, बघ," दादा म्हणाला. पन्नाशी उलटली तरी ती त्याची छोटीच होती. "आता लांबूनसुद्धा दिसेल. तू मान हलवलीस की छपाईवाल्याला कळवतो." चित्र तिचं, म्हणून शेवटचा होकार तिचा, असा दोघांत पहिल्यापासूनचा रिवाज होता, तो मोडायची वेळ कधी आली नव्हती. तिने कागद उचलला. एवढ्या मोठ्या आकारात तिने भरलेला दात बाकीच्या दातांहून किंचित पांढरा आणि किंचित रुंद दिसत होता.

"दादा, हा फोटो काढलास तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"शंभरदा सांगितलंय."

"परत सांग."

दादाने चष्मा काढला आणि सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. बाग, उकाडा, जमलेले शेतकरी, भाव, हसू. ती या वेळी गोष्ट ऐकत नव्हती, दादाचा चेहरा बघत होती. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना दादा कानाची पाळी चोळतो, लहानपणी आईनेही तेवढ्यावरून पकडलेला. आता त्याचे हात टेबलावर शांत होते. तो आठवून नाही, वाचून दाखवल्यासारखं सांगत होता, आणि जे वाचत होता त्यावर त्याचा पुरा विश्वास होता. खांदे थांबले. "ते हसू मी विकत नाही," दादा म्हणाला, "वाटतो." मग चष्मा चढवत, "का गं?" "काही नाही," ती म्हणाली, आणि नमुना घडी घालून पिशवीत ठेवला. "उद्या सांगते."

उद्या तिने काही सांगितलं नाही, परवाही नाही. नव्या कडक गादीवर ती पहाटे जागी व्हायची आणि छताकडे बघत पडायची. तिला राग आला होता का? कुणाचा? तो माणूस बाग सोडून शहरात आला यात त्याने तिचं काय बिघडवलं होतं? आणि तरी, वर्षानुवर्षं तिच्या मनात तो त्या झाडांखाली उभा होता. तिच्या घरात माणसं आली, गेली, आजारी पडली, भिंतींचे रंग बदलले, आणि तो तिथेच, तसाच, हातात पिवळं फळ धरून. आपल्याला बरं वाटावं म्हणून तो तिथे उभा राहायला हवा होता, असं तिच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येणं काही सुखाचं नव्हतं. चॉकलेट विकत घेणारी सगळी माणसं तशीच, तिच्यासारखीच. कुणीतरी तिकडे जागेवर राहावं, आनंदात राहावं, आणि त्याची पावती आपल्याला कागदावर मिळावी. चौथ्या का पाचव्या सकाळी ती उठली आणि सरळ गादीच्या दुकानात गेली.

"गादी कडक आहे," ती म्हणाली.

"मी तेव्हाच विचारलं होतं," हसऱ्या म्हणाला. तो जेवणाचा डबा घेऊन मागच्या बाजूला निघाला होता. दुकानाच्या मागे गाद्यांच्या दोन उंच थप्प्यांमध्ये एक बाकडं होतं, तिथे त्याने तिला बसायला जागा करून दिली. आजूबाजूला इतका फोम होता की रस्त्याचा आवाज जवळजवळ येत नव्हता, आणि स्वतःचाही आवाज तोंडातून निघून लगेच कुणीतरी टिपून घेतल्यासारखा वाटत होता. "पंधरा दिवस वापरा. अंगाला सवय होते. नाही झाली तर बदलून देऊ."

"गादीसाठी नाही आले मी," ती म्हणाली. "ते चित्र माझं आहे. चॉकलेटवरचं. तुमचा फोटो काढणारा माझा दादा."

त्याचा घास हातात राहिला. मग त्याने तो डब्यात परत ठेवला, हात पुसले, आणि जिभेने पडलेल्या दाताचा खड्डा चाचपला. "म्हणजे माझा दात तुम्ही बसवला," तो म्हणाला. "घरी आमची बायको म्हणते, हा तू नाहीसच, याला सगळे दात आहेत." तो हसला आणि तीही हसली, आणि त्या हसण्याने तिच्या छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं.

"दादा सांगतो, त्याने भाव सांगितला म्हणून तुम्ही हसलात."

"भाव?" तो आठवू लागला. "भाव आदल्या दिवशी सोसायटीत सांगून झाला होता. हसलो ते तुमचे दादा पडले म्हणून." त्याने एकदम तोंडावर हात धरला. "माफ करा हं. फळं फोडून बिया काढल्या की टरफलांचा ढीग लावतात बागेतच, कुजायला. वरून वाळलेला दिसतो, आत सगळा लगदा. तुमचे दादा फोटोसाठी मागे मागे सरकत गेले, आणि बसले त्यात. पार कमरेपर्यंत. पण माणूस पक्का. कॅमेरा वर धरला होता, भिजू दिला नाही. मला हसू आवरेना, आणि त्यांनी तिथूनच, बसल्या बसल्या, दाबलं बटण."

बसल्या बसल्या. खालून. तिला एकदम सगळं दिसलं, फोटोच्या चौकटीच्या बाहेर राहिलेलं: दादा, तरुण, चष्मा तिरका, लगद्यात रुतलेला. एवढ्या वर्षांत तिने चौकटीच्या त्या बाजूला कधी पाहिलंच नव्हतं. "मग?" तिने विचारलं.

"मग काय. फोटो खरं तर थोरल्याचा काढायचा ठरला होता, माझ्या भावाचा. बाग तोच बघायचा. झाडं त्यानेच लावलेली, सावलीची मोठी झाडंसुद्धा त्यानेच राखलेली, लोक तोडत होते तेव्हा. पण तुमचे दादा पडल्यावर तो घरी पळाला, त्यांच्यासाठी पँट आणायला. तेवढ्यात माझा निघाला." त्याने डबा झाकला. "मी कधी बागेतला नव्हतोच, ताई. मला कंटाळा यायचा. दिवसभर ती ओली सावली, मान वर करून फळं बघायची, कुठलं पिकलं, कुठलं काळं पडलं. पावसाळा लांबला की निम्मी फळं झाडावरच काळी पडतात. तुमच्या लोकांनी फसवलं नाही, ते आधी सांगतो. भाव दिला, वेळेवर दिला. भाव बरा मिळायला लागला म्हणून तर मला निघता आलं. नाहीतर आम्ही दोघंही तिथेच झुरत बसलो असतो. इथे मी सुखात आहे. लोकांना झोपवतो."

हसऱ्याचा चेहरा न हसता कसा दिसतो हे ती पहिल्यांदाच बघत होती. डोळ्यांच्या कडांचे ते पंखे मिटले की तो दुसराच माणूस होता, जरा दमलेला, कानशिलांवर पिकलेला.

"थोरला माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा नाही, तेव्हा स्वतः सोडायला आला होता गाडीवर. पुढे सोसायटीत तुमच्या चॉकलेटचा खोका आला भेट म्हणून. कुणीतरी कागद वाचून दाखवला. हा आपली माती सोडून गेला नाही. आणि वर मी, सगळे दात दाखवत. तिथं राबतो तो. खोकला धरून वर चढतो तो. फोन केला मी, तर म्हणाला, तुझं छान चाललंय, हसत राहा. ते शेवटचं. त्यानंतर उचलत नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही आलाच आहात म्हणून सांगतो. काढा मला तिथून. मला स्वतःला ते हसू पुसता येत नाही. मी रोज कुठल्या ना कुठल्या दुकानात तसा हसत असतो, आणि तो ते बघत असतो."

परतीच्या वाटेवर ती एका वाणसामानाच्या दुकानात शिरली, काही घ्यायचं नसताना. चॉकलेटच्या फळीवर हसऱ्या ओळीने उभा होता. एका बाईने एक उचललं, वेष्टन जवळ नेऊन वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते नुसतं चॉकलेट घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर येत नाही. समाधान. त्यात वाईट काय होतं? ही बाई चार पैसे जास्त देणार होती आणि ते खरोखरच बागेत पोचणार होते. ती त्या बाईच्या मागे रांगेत उभी राहिली आणि तिला काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत राहिली. बाईची पाळी आली, पिशवी भरली, ती गेली. गल्ल्यावरच्या माणसाने हिला विचारलं, "आपलं काय?" तेव्हा हिच्या हातात काहीच नव्हतं.

दादाला तिने दुपारी गाठलं, भट्टी बंद झाल्यावर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो माणूस शहरात आहे, गाद्या विकतो, चेहरा काढा म्हणतो. दादा उठून खिडकीशी गेला. "सुखात आहे ना?" त्याने विचारलं. "मग झालं. आपण भाव दिला म्हणूनच तो सुखात आहे. उलट आपलंच खरं झालं."

"आपण लिहिलंय की तो माती सोडून गेला नाही."

"लिहिलं तेव्हा नव्हता गेला." त्याने कानाच्या पाळीकडे हात नेला आणि खाली घेतला. "छोटे, भाव खरा आहे. वेष्टनावरचा रास्त भावाचा शिक्का खरा आहे. सावलीची झाडं उभी आहेत ती आपल्यामुळे, तेही खरं. एवढं सगळं खरं असताना एका चेहऱ्याने काय बिघडतं? तो चेहरा गेला तर आपण कोण? आणखी एक चॉकलेट."

"चॉकलेटच विकतो आपण, दादा."

तिला त्याच्या पाठीकडे बघून वाईट वाटलं. आई गेल्यावर याच पाठीमागे ती शाळेत जायची, रस्ता ओलांडताना त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. त्याने उभं केलेल्या सगळ्या गोष्टींत ती राहत आली होती आणि ऊब तिला नेहमीच मिळाली होती. त्याला दुखवायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि तरी ती म्हणाली, "तो म्हणतो, भाव ऐकून नाही हसला. तू पडलास म्हणून हसला."

"मी पडलो?" दादा वळला. खराखुरा चकित झालेला होता. "कुठे पडलो?"

"टरफलांच्या ढिगात. कमरेपर्यंत."

"काहीतरीच." तो हसू लागला. "मी पडलो असतो तर मला आठवलं नसतं?" आणि तिच्या लक्षात आलं की आता याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याला खरोखरच आठवत नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे त्याने दुसरं काहीतरी बसवून टाकलं होतं, शोभेलसं, आणि ते इतकं घट्ट बसलं होतं की सांधाही दिसत नव्हता. तिने फक्त ऐकलेलं सांगून टाकायचं म्हणून सांगितलं, "फोटो त्याच्या थोरल्या भावाचा काढायचा होता म्हणे. पण तो तुझ्यासाठी पँट आणायला घरी पळाला."

दादा खिडकीच्या चौकटीला टेकला. बराच वेळ तो खाली, रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले.

"आखूड होती मला," तो म्हणाला.

"काय?"

"पँट. पोटऱ्यांपर्यंत येत होती. करड्या रंगाची." त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "उंच नव्हता तो. धावत आला होता, धाप लागली होती. मला म्हणाला, धुतलेली आहे साहेब, आजच धुतलेली आहे." तो खुर्चीवर बसला. "सगळ्या अंगाला तो आंबूस वास. त्याने विहिरीवर बादल्या ओतल्या माझ्यावर. पँट धुऊन पाठवतो म्हणालो होतो मी. पाठवली का गं आपण?"

तिला काय माहीत असणार? तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादा आपल्याच गोष्टीकडे परक्यासारखा बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज होती की आनंद ते तिला सांगता आलं नसतं. बहुतेक इतक्या वर्षांनी तो माणूस परत भेटल्याचा आनंदही असावा. "काढ त्याला," शेवटी तो म्हणाला. मग जरा चिडून, नेहमीच्या आवाजात, "आणि त्या जागी थोरल्याला घालू, असं म्हणू नकोस हं."

"नाही म्हणत."

"मग काय घालणार? कोरा ठेवणार कागद?"

तिने फळ काढलं. उभं कापलेलं, आतल्या पांढऱ्या गरात बियांची ओळ. खाली दादाच्या ओळींऐवजी एवढंच लिहिलं की ही फळं अमक्या सोसायटीच्या बागांमधली, आणि त्यांना काय भाव दिला. दुकान-साखळीच्या माणसाने नाक मुरडलं, चेहरा बरा होता म्हणाला, पण माल ठेवला. पॅकिंगच्या बायका आठवडाभर तिच्यावर नाराज होत्या. एकीने जुन्या वेष्टनातला एक हसऱ्या कापून भिंतीवर लावला, घड्याळाच्या खाली, आणि तो तिने तसाच राहू दिला. फळ काढताना तिला काही जड गेलं नाही. जड गेलं ते नंतर, दुपारच्या चहाला, सवयीने गठ्ठ्याच्या वरच्या कागदाकडे नजर गेली आणि तिथून कुणी बघत नव्हतं तेव्हा. हॉस्पिटलच्या खोलीतला नवऱ्याचा आवाज तिने मनात आणायचा प्रयत्न केला. आवाज आला, पण जरा लांबून.

पावसाळ्याच्या शेवटी ती बाजारातून जात होती. गादीच्या दुकानासमोरून जायचं तिने टाळलं नव्हतं आणि मुद्दाम ठरवलंही नव्हतं. "ताई! ओ ताई!" हाक आली आणि हसऱ्या दुकानातून जवळजवळ धावतच रस्त्यावर आला. हातात मोजपट्टी होती, तिची पितळी कडी त्याच्या मागे फरपटत होती. तो हसत नव्हता. डोळे लाल दिसत होते.

"थोरल्याचा फोन आला होता," तो म्हणाला. "काल."

"बरे आहेत ना ते?"

"तो बरा आहे. सोसायटीत खोका आला, नवा. त्याने कागद बघितला, त्याच्यावर मी नाही. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळा खोका उपसला म्हणे त्याने. त्याला वाटलं," आणि इथे त्याने मोजपट्टी उगाचच गुंडाळायला घेतली, "त्याला वाटलं, मी गेलो. मेलो म्हणून काढलं मला. कुणाला विचारायची हिंमत होईना, म्हणून माझाच नंबर लावला. मी उचलला, तर एकदम ओरडला, कोण बोलतंय?"

बाजूने एक हातगाडी गेली. दोघं तिला वाट देण्यासाठी दुकानाच्या पायरीला चिकटले.

"मी म्हटलं, मी बोलतोय. तर काहीच बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. चढ चढून आल्यासारखा. मला वाटलं, ठेवला आता. आणि मग शिव्या दिल्या त्याने मला, ताई. काय शिव्या दिल्या! वडिलांनीसुद्धा कधी दिल्या नव्हत्या तसल्या." तो बाहीने डोळे पुसत होता. आतून एक गिऱ्हाईक, नुकतंच गादीवरून उठलेलं, विसकटलेल्या केसांचं, दारात येऊन उभं राहिलं. "आलो," हसऱ्याने त्याला सांगितलं, पण हलला नाही.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग म्हणाला, जिवंत आहेस तर फोन का करत नाहीस."